पाहिलं तेवढंच सांगणारी पादलुक

ते भांडण झालं तेव्हा पादलुक तंबूच्या कोपऱ्यात बसून सीलच्या कातड्यावरची चरबी खरवडत होती. वयानं लहानच होती, पण हातात सुरी धरता आली की मुलीला कामाला बसवायचं, ही आमच्या किनाऱ्याची रीत. मोठी माणसं भांडत असली की मुलांनी मान वर करायची नाही, हीसुद्धा रीतच. त्यामुळे ते भांडण तिनं पाहिलं नाही, नुसतं ऐकलं. पुढे जन्मभर कुणाला सांगताना ती "ऐकलं" असंच म्हणायची.

भांडत होते तिचे वडील आणि त्यांचा धाकटा भाऊ उतुवाक.

उतुवाक आदल्या वसंतात शिकारीला गेला असताना पायाखालचा बर्फ किनाऱ्यापासून तुटला आणि त्याला घेऊन समुद्रात गेला. वडिलांनी त्याची बर्फावरची घसरगाडी पाण्यावर उलटी तरंगताना पाहिली आणि घरी येऊन सांगितलं, उतुवाक गेला. सगळे रडले. त्याची बायको पोटुशी होती. तिला खायला कोण घालणार, म्हणून ती दुसऱ्या एका शिकाऱ्याच्या तंबूत राहायला गेली. तिथं मुलगा झाला. गेलेल्या माणसाचं नाव जन्मलेल्या बाळाला दिलं की तो माणूस परत घरात येतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बाळाचं नाव उतुवाक ठेवलं, आणि सगळ्यांचे डोळे सुकले.

आणि मग उन्हाळ्यात हा बाबा दूरच्या किनाऱ्यावरून चालत चालत परत आला. हाडांचा सापळा, पण जिवंत.

"तू काय पाहिलंस ते सांग," उतुवाक म्हणत होता.

"तुझी गाडी पाहिली. उलटी. पाण्यावर."

"आणि मला?"

"तू नव्हतास."

"नव्हतो ना? मग 'नव्हता' म्हणायचं! 'मेला' कुठून आणलंस?"

"अरे, रिकामी गाडी पाहून माणूस काय म्हणेल? उतुवाक सासुरवाडीला गेलाय म्हणेल?"

बाहेर कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

"हसा," उतुवाक म्हणाला. "समुद्रानं सोडलं मला, दादा. तुझ्या जिभेनं बुडवलं. माझी बायको दुसऱ्याच्या दिव्यापाशी बसलीय. माझं नाव त्या पोराच्या अंगात गेलं. आता मला हाक कशी मारणार तुम्ही? सांग ना, कोण मी?"

एक नाव बाळाच्या अंगात रुजलेलं असताना त्याच नावानं दुसऱ्याला हाक मारायची लोकांना भीती वाटली. दुसऱ्या दिवशी तो जसा आला तसा चालत निघून गेला. पुन्हा कुणाच्या दृष्टीस पडला नाही. वडील त्यानंतर फार कमी बोलायला लागले. बोलले तरी पाहिलेलं तेवढंच. "उत्तरेला कॅरिबू हरणं आहेत का?" विचारलं तर म्हणायचे, "मी गेलो तेव्हा पाऊलखुणा होत्या." संपलं.

पादलुकनं हे उचललं. आमच्यात तशी सगळीच जुनी माणसं ऐकलेलं आणि पाहिलेलं वेगळं ठेवतात. पण पादलुकचं जरा अतीच होतं. "चहा उकळला का गं?" म्हटलं तर ती म्हणायची, "वाफ दिसतेय." चर्चमधले नोआ प्रार्थना झाल्यावर "स्वर्ग किती सुंदर आहे" म्हणाले, तर हिनं विचारलं, "तुम्ही कधी गेला होतात?" नोआ भला माणूस. हसून म्हणाले, "नाही गं बाई, ऐकीव आहे." तेव्हा कुठे तिनं मान डोलावली.

आणि हिला नवरा कोण मिळावा? तातिगाक! त्याच्या जिभेला हाड नव्हतं. लहानसा सील मारला तर घरी येईपर्यंत त्याचा वॉलरस झालेला असायचा. लोक ऐकायला जमायचे. तातिगाक हात पसरून पसरून सांगायचा, आणि मागून शिवता शिवता ही म्हणायची, "कातडं मी सोलून काढलंय. एवढंच होतं." सगळे पोट धरून हसायचे, आणि सगळ्यांत जास्त तातिगाकच.

"हिला विचारा," तो म्हणायचा, "नवरा आहे की नाही ते तरी ठाऊक आहे का हिला?"

"आत्ता समोर बसलायत," पादलुक म्हणायची. "दाराबाहेर गेलात की सांगता येत नाही."

असा त्यांचा संसार. मुलगी एकच जगली. चर्चमध्ये तिचं नाव रोडा लिहिलं, पण खरं नाव इकुमाक, पादलुकच्या गेलेल्या आईचं. म्हणून पादलुक लाडात आली की लेकीलाच "आई" म्हणायची, आणि चिमुरडी रोडा कमरेवर हात ठेवून म्हणायची, "पोरी, केस विंचरले नाहीस आज!" शाळेतल्या दक्षिणेकडच्या मास्तरीणबाईंना वाटायचं, ही पोरगी उद्धट आहे. त्यांना काय कळणार.

रोडाचं लग्न झालं त्या वर्षी वसंतात तातिगाक आणि त्याचा धाकटा भाऊ झकारियासी सीलच्या शिकारीला बर्फाच्या कडेपर्यंत गेले. तिथं ते वेगवेगळ्या अंगांना पांगले. जमिनीकडून वारा सुटला. झकारियासी एकटाच परत आला. घरात शिरला तो दारातच बसला. कोट काढायचं भानही त्याला राहिलं नाही.

"वहिनी," तो म्हणाला, "त्याच्या गाडीचा माग काढत गेलो. माग कडेपर्यंत गेला आणि थांबला. कड ताजी होती, आत्ताच मोडल्यासारखी. पलीकडे पाणी. वर धुकं."

"हाक मारलीत?"

"घसा बसेपर्यंत."

"उत्तर?"

"नाही."

पोलिसांचं विमान हवा निवळल्यावर फिरून आलं. काही दिसलं नाही म्हणाले. झकारियासी रडला, रोडा रडली, अख्खी वस्ती रडली. पादलुक नाही. नोआंनी चर्चमध्ये "आपल्यातून गेलेल्या भावासाठी" प्रार्थना सुरू केली, तर ही उभी राहिली. "सापडला नाही त्याच्यासाठी म्हणा," ती म्हणाली आणि खाली बसली. नोआंनी तसं म्हटलं.

बायका कुजबुजल्या. कुणी म्हणे, दगडाचं काळीज आहे. कुणी म्हणे, बिचारी वेडी आशा धरून बसलीय. दोन्ही खोटं. आशा धरणारी बाई दाराकडे बघत बसते. पादलुक दाराकडे बघत नव्हती. बर्फ काय असतो, वारा काय असतो, वसंतातलं पाणी माणसाला किती वेळ जिवंत ठेवतं, हे तिला वस्तीतल्या निम्म्या पुरुषांपेक्षा जास्त कळत होतं. फक्त 'मेला' हा शब्द तोंडातून काढायला तिच्याजवळ पाहिलेलं काही नव्हतं. नुसता माग थांबलेला, आणि तोही तिनं झकारियासीच्या तोंडून ऐकलेला.

पुढच्या हिवाळ्यात रोडाला दिवस गेले. पोट दिसायला लागलं तशी ती एक दिवस आईकडे आली. झकारियासीला बरोबर घेऊन आली, म्हणजे तयारीनंच आली होती.

"आई, बाबा स्वप्नात आले होते. बूट आपटून बर्फ झाडला आणि म्हणाले, आत जागा आहे का? आई, त्यांना यायचंय."

पादलुक कातडी बुटाचा तळ दातांखाली चावून मऊ करत होती. तिनं तो बाजूला ठेवला. "तू स्वप्न पाहिलंस."

"बाबांना पाहिलं!"

"स्वप्नात पाहिलंस. तसं सांग."

"वहिनी," झकारियासी म्हणाला, "मी तर जागा होतो ना? माग मी या डोळ्यांनी पाहिलाय. तुम्ही हो म्हणा. तुमच्या शब्दाशिवाय नाव देता येत नाही."

तेही खरं. बायको हयात असताना नवऱ्याचं नाव बाळाला द्यायचं तर तिनं आधी तो गेला म्हणायला हवं. आमच्याकडे जिवंत माणसाचं नाव काढून घेत नाहीत. त्याचा जीव उघडा पडतो.

"भावोजी, तुम्ही माग पाहिलात," पादलुक म्हणाली. "माग थांबला म्हणालात, मी ऐकलं. तुम्ही खोटं बोलत नाही. पण माग थांबला म्हणजे गाडी थांबली. माणसाचं काय झालं ते तुम्ही पाहिलंत का?"

झकारियासीनं मान खाली घातली.

"उतुवाक काकांची तर गाडीच उलटी तरंगत होती म्हणे," ती म्हणाली.

"म्हणजे बाबा परत येतील असं वाटतं तुला?" रोडा ओरडली.

"नाही म्हणत मी तसं."

"मग मेले असं वाटतं?"

"तसंही नाही म्हणत."

"मग काय म्हणतेस गं तू? जन्मभर नुसतं हे नाही आणि ते नाही! बाप बाहेर थंडीत उभा आहे माझा, आणि तू दार धरून बसलीयस!"

पादलुकनं बुटाचा तळ पुन्हा तोंडात घातला. बोलायचं नसलं की ती तसं करायची. रोडा दार आपटून गेली.

मुलगा झाला. त्याला रोडाच्या सासरच्या एका गेलेल्या मामाचं नाव दिलं. नाव चांगलं होतं, माणूसही चांगला होता, पण बाळ काही शांत होईना. दूध धरेना. रडून रडून निळं पडायचं. म्हाताऱ्या बायका येऊन बघून जायच्या आणि म्हणायच्या, हे आपलं नाव मागतंय. दवाखान्यातली नर्स म्हणाली, छातीत कफ आहे, ताप आहे, दक्षिणेच्या मोठ्या इस्पितळात न्यायला हवं. विमान बोलावलं. वारा असा सुटला होता की विमान उतरेना. पादलुक रोज जाऊन बाळाला आपल्या कोटाच्या पाठीवरच्या पिशवीत घालून खोलीतल्या खोलीत फिरायची. बाळ तिच्या पाठीवर जरा निजायचं. रोडा बोलायची नाही, पण बाळ द्यायची.

तसंच फिरत असताना एका सकाळी तिला पाठीवर फरक कळला. तिनं बाळाला पुढे घेतलं, बघितलं, आणि रोडाच्या मांडीवर ठेवलं.

घर भरलं. बायका रडता रडता म्हणायला लागल्या, नाव मिळालं असतं तर राहिला असता. नर्स म्हणत होती, फुफ्फुसं, फुफ्फुसं. रोडानं सगळ्यांमधून आईकडे बघितलं.

"तू सांग. तू खोटं बोलत नाहीस ना? तू सांग कशानं गेला."

कुणीही दुसरं काही बोललं असतं. तिथं खोटं बोललं असतं तरी देवानं माफ केलं असतं. पण पादलुकला दुसरं येत नव्हतं.

"श्वास थांबला ते मी पाहिलं," ती म्हणाली. "कशानं ते मी पाहिलं नाही."

रोडानं मान फिरवली. त्यानंतर ती आईशी बोलली नाही.

वस्तीच्या मागच्या टेकाडावर दगड रचून बाळाला ठेवलं. जमीन गोठलेली असली की खणता येत नाही. पादलुक तिथं जायची आणि वाऱ्यानं सरकलेले दगड नीट लावायची. रोडा आधीच येऊन बसलेली दिसली तर लांबूनच परत फिरायची. दोघींची दारं अगदी जवळ, हाक मारली तर ऐकू जाईल इतकी. पण हाक कोण मारणार? लेक आईला आई म्हणत नव्हती. आणि पादलुकला लेकीला लाडानं "आई" म्हणायची सोय उरली नव्हती. दोन्हीकडून ती पोरकी झाली. झकारियासी मांसाचा वाटा आणून द्यायचा, बसायचा, चहा प्यायचा आणि मुकाट्यानं जायचा. एकदा त्यानं विचारलं, "वहिनी, राग आहे का माझ्यावर?" तर म्हणाली, "तुम्ही पाहिलंत तेवढं सांगितलंत. राग कशाचा?" मग म्हणाली, "रागावता आलं असतं तर बरं होतं."

पुढे रोडाला पुन्हा दिवस गेले. पादलुकला हे इतर बायकांकडून कळलं. स्वतःच्या लेकीचं पोट लोकांच्या तोंडून ऐकायचं, यासारखं दुसरं दुःख नाही.

मग एक दिवस दुपारी रोडा आली. दार न वाजवता आत आली, आणि पादलुक नेहमी बसायची त्या जागी, दिव्याजवळच्या कातड्यावर, स्वतः बसली. ती जागा घरातल्या मोठ्या बाईची. पादलुक चहा घेऊन उभीच राहिली.

"चहा ठेव आणि बस," रोडा म्हणाली. "मी रोडा म्हणून आलेली नाही. रोडाला तुझं तोंड बघायचं नाही. मी इकुमाक म्हणून आलेय."

पादलुकनं कप ठेवला. ती खाली बसली. इतक्या दिवसांनी तिला समोर आई दिसली, आणि आईचा चेहरा रागावलेला होता.

"बोल, आई," ती म्हणाली.

"उतुवाक आला होता तेव्हा मी त्या तंबूत होते की नाही?"

"होतीस. दिव्यापाशी. सुरुवातीला तरी."

"त्याला चहा दिला का मी?"

"मी मान वर केली नव्हती," ती हळूच म्हणाली. "कपाचा आवाज मात्र ऐकला नाही."

"नाही ना ऐकलास? मग आता मला सांग, पोरी. तो गेला तो कशानं गेला? त्याचं नाव पोराला दिलं म्हणून? की आमच्यातल्या एकानंही 'बस, तू पण उतुवाक, हा पण उतुवाक, दोघांना पुरेल' असं म्हटलं नाही म्हणून?"

ते भांडण पादलुकनं आयुष्यभर मनात घोळवलं होतं. रिकामी गाडी, 'मेला' शब्द, वडिलांची जीभ. या बाजूनं तिनं ते कधी पाहिलंच नव्हतं.

"तातिगाक मेला असं म्हणू नकोस तू," रोडा म्हणाली. तिचा आवाज आता इकुमाकचा होता की रोडाचा, सांगता येत नव्हतं. "मी नाही म्हणायला लावत. नाव दे. उद्या तो दार उघडून आला तर चहा जास्त टाकू. दोन तातिगाक एका घरात राहतील. एक दुसऱ्याला थापा मारायला शिकवील."

"आणि कधीच कळलं नाही तर?"

"नाही कळलं तर नाही कळलं. न कळणाऱ्या गोष्टीसाठी मी अजून एक पोर टेकाडावर नेऊन ठेवायचं का?"

पादलुकनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. झकारियासी परत आला त्या दिवशी जे रडायचं होतं ते आता निघालं. बाळाचंही निघालं. रोडा पुढे झाली नाही, पण उठूनही गेली नाही. बऱ्याच वेळानं पादलुक म्हणाली, "आई, मला वाटतं ते पाण्यात आहेत. पहिल्याच दिवशी वाटलं होतं."

"मग म्हणाली का नाहीस गं?"

"वाटणं म्हणजे पाहणं नव्हे ना."

"नव्हे," रोडा म्हणाली. "पण वाटलं तर वाटलं म्हणावं. मी ऐकलं असतं."

मुलगी झाली. नावाला मुलगा मुलगी नसतं. पादलुकनं तिला हातात घेतलं, तिच्या कपाळाला नाक लावलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "तातिगाकचं काय झालं ते मला ठाऊक नाही. हिचं नाव तातिगाक." नोआंनी चर्चमध्ये आणखी काहीतरी नाव लिहिलं, ते कुणाच्या लक्षात नाही.

ही जगली. खणखणीत रडायची, खणखणीत प्यायची. म्हाताऱ्या बायका म्हणाल्या, बघा, नाव मिळालं. नर्स म्हणाली, या वेळी फुफ्फुसं चांगली आहेत. पादलुक दोन्हीकडच्यांना चहा द्यायची. तिला कुणी विचारलं तर म्हणायची, "जगतेय ते मी पाहतेय." एवढ्यावर लोक हसायचे. रोडा हसायची नाही. आईशी ती पुन्हा बोलायला लागली होती, पण पहिल्यासारखं नाही. काही गोष्टी शिवल्या तरी टाका दिसतो. टेकाडावर दोघी जायच्या, वेगवेगळ्या.

नवऱ्याचं नाव घेतलेल्या नातीला पादलुक "अहो" म्हणायची. दुसरं काय म्हणणार? "अहो, लंगोट ओला केलात. अहो, माझे केस सोडा." पाहुण्यांना हसू आवरायचं नाही. बाळ मात्र "अहो" म्हटलं की वळून बघायचं.

त्या वसंतात पादलुकला दम लागायला लागला. नर्सनं घरी बसायला सांगितलं. ती घरी बसली नाही.

आयुष्याच्या शेवटच्या दिवशीही ती दुकानात गेली. चहा घेतला, कडक बिस्किटांचं खोकं घेतलं. दुकानातल्या दक्षिणेकडच्या पोरानं विचारलं, "आजी, बाहेर थंडी आहे का?"

"मी आले त्या वाटेवर होती," ती म्हणाली.

मग रोडाच्या दारी गेली. रोडा कातडं ताणत होती. तिनं मान वर केली आणि पुन्हा कामाला लागली. पादलुकनं बाळाला मांडीवर घेतलं, एक बिस्किट चहात बुडवून मऊ केलं आणि त्याच्या तोंडात दिलं. हिरड्या शिवशिवत होत्या, ते चावायला लागलं.

"अहो, हळू," ती म्हणाली. "सगळं तुमचंच आहे."

बिस्किट संपलं तसं तिनं बाळाचं तोंड बाहीनं पुसलं, त्याला रोडाच्या हाती दिलं, उरलेलं खोकं फळीवर ठेवलं आणि आपल्या घराकडे निघाली.